बाबांच्या बोटीचा बिल्ज पंप बदलला, त्याची हकिकत

रविवार १३ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला रेवदंड्याहून नाखव्यांचा फोन आला. "ताई, तुमची बोट मागनं बसलीय, पाणी भरलंय आत, या लवकर." मी ठाण्यात, अजून चहा पण झाला नव्हता. बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले, त्यांना न उठवता मी गाडी काढली, पण पेण येईपर्यंत त्यांचा फोन आलाच, त्यांना नाखव्यांनी आधीच सांगितलेलं होतं.

बोट बाबांची आहे. १८ फुटी, फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, बाबांनी २०११ ला सेकंडहँड घेतलेली. रिटायर झाल्यावर दर आठवड्याला रेवदंड्याच्या खाडीत, कोर्लईच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायचं, कधी गळ टाकायचा, हा त्यांचा छंद. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बोट माझ्याकडे आली. चालवायला मी लहानपणापासून नाही तरी बऱ्याच वर्षांपासून शिकलेली होते, पण बोटीच्या पोटात काय काय आहे ते मला माहीत नव्हतं. वायरी, पंप, बॅटरी हे सगळं बाबा बघायचे. हे सगळं लिहितेय कारण त्या दोन महिन्यांत मला मराठीत कुठे एका जागी काही वाचायला मिळालं नाही, आणि मला वाटतं माझ्यासारखे बरेच जण असतील ज्यांच्याकडे छोटी बोट आहे आणि पंप बंद पडला की पुढे काय हे कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोटीच्या तळाचा सगळ्यात खोल भाग, जिथे पावसाचं, लाटांचं, गळतीचं पाणी गोळा होतं, तो बिल्ज. तिथे एक छोटा बुडालेला पंप असतो, पाणी वाढलं की फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर उचलला जातो, पंप चालू होतो आणि पाणी पाइपातून बाहेर जातं. हे बोटीवर कोणी नसताना सुद्धा व्हायला पाहिजे, कारण बोट बुडते ती बहुतेक वेळा जागेवर उभी असतानाच.

मी साडेदहाला पोचले. परतीचा पाऊस दोन-तीन दिवस संध्याकाळी विजांसकट पडत होता. बोटीत फळ्यांच्या वर चार बोटं पाणी, मागची बाजू इतकी खाली गेलेली की आणखी एक सर आली असती तर इंजिनाजवळच्या खाचेतून खाडीचं पाणी आत यायला लागलं असतं. नाखवा, त्यांचा मुलगा आणि मी, तिघांनी बादल्या आणि कापलेल्या तेलाच्या कॅनने पाणी उपसलं, सव्वा तास लागला. हातपाय थरथरत होते, दमल्यामुळे तर होतेच पण भीतीने पण. बाबांची बोट माझ्या हातून गेली असती हा विचार डोक्यातून जात नव्हता.

पाणी उपसताना नाखव्यांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोडं हाय, पावसाचंच हाय." हे मी आता कायम करते. आतलं पाणी गोडं असेल तर पाऊस, खारं असेल तर गळती, आणि दोन्हीचा उपाय वेगळा. (खाडीत पावसाळ्यात बाहेरचं पाणी सुद्धा मचूळ असतं, म्हणून आधी बाहेरच्या पाण्याची चव बघायची आणि मग आतल्या.) नंतर घरी बसून हिशोब केला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. आपली बोट वरून साधारण १० चौरस मीटर धरली तर १०० मिलिमीटर पावसात १,००० लिटर, म्हणजे एक टन वजन बोटीत येऊन बसतं. कोकणात १०० मिलिमीटर ही काही फार नवलाची गोष्ट नाही. मोठा पाऊस संपला म्हणून मी सप्टेंबरच्या शेवटी बोट पाण्यात सोडली होती आणि वर ताडपत्री घातली नव्हती. ती पहिली चूक.

पाणी गेल्यावर पंप बघितला. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १०.४ व्होल्ट, म्हणजे पूर्ण उतरलेली. नाखव्यांच्या बोटीची बॅटरी आणून जोडली तर पंप नुसता हूं हूं करतोय, फिरत नाही, आणि दोन मिनिटांत हाताला गरम लागला. ताबडतोब काढला. म्हणजे फ्लोट स्विचने त्याचं काम केलं होतं, पंपाला करंट मिळत होता, पण पंप आतून अडकलेला होता, आणि तसाच अडकलेल्या अवस्थेत बॅटरी पिऊन बसला. आता असं अडकल्यावर फ्यूज उडायला पाहिजे होता ना? फ्यूज उघडला तर १५ अँपिअरचा. पंपाच्या अंगावर बारीक अक्षरात त्याला किती फ्यूज लावायचा ते लिहिलेलं होतं, तो याच्या पावपटीहून कमी होता. मागे कधीतरी फ्यूज उडत होता म्हणून एका वायरमनने मोठा घालून दिला होता, बाबांना पण ते आठवलं. अडकलेली मोटर करंट जास्त खेचते आणि तापते, छोटा फ्यूज असता तर तो उडाला असता, पंप बंदच राहिला असता, पाणी तरीही भरलं असतं, पण निदान बॅटरी शाबूत राहिली असती आणि आग लागायचा धोका राहिला नसता. माझ्या पंपाचं प्लॅस्टिक एका बाजूने मऊ होऊन वाकलेलं होतं, ते बघून पोटात गोळा आला.

त्या दिवशी ताडपत्री बांधली, बॅटरी काढून गॅरेजमध्ये चार्जिंगला दिली (१५० रुपये), आणि नाखव्यांना सांगून आले की रोज सकाळी एक नजर टाका. जुना पंप पिशवीत घालून घरी आणला.

आता कागदपत्रांचं. नोव्हेंबरमध्ये बोटीचा सर्व्हे व्हायचा होता आणि आधीच्या वेळच्या रिपोर्टात शेरा होता की पुढच्या सर्व्हेला बिल्ज पंप चालू स्थितीत दाखवावा. म्हणजे घाई होतीच. बोट बाबांच्या नावावर, त्यांना येणं शक्य नाही, म्हणून माझ्या नावाने अधिकारपत्र करायचं ठरलं. त्याच ऑक्टोबरमध्ये राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या ऐवजी कमीत कमी ५०० चा लागायला लागला, मी घरात ठेवलेला १०० चा कागद घेऊन गेले आणि परत आले. ५०० मुद्रांकाचे आणि २०० नोटरीचे. सोमवारी २१ ऑक्टोबरला हाफ डे टाकून बंदर ऑफिसला अर्ज दिला. सोबत रजिस्ट्रेशनची प्रत, आधीचं सर्व्हे सर्टिफिकेट, इन्शुरन्स, बाबांचं आणि माझं आधार, अधिकारपत्र, लाइफ जॅकेट आणि फायर एक्स्टिंग्विशरचे फोटो. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, म्हणून बाबांच्या फाइलमधला जुना नमुना मी वापरला नाही, ऑफिसमधूनच कोरा फॉर्म घेतला आणि तिथेच बसून भरला. हे तुम्ही पण करा, एक फेरी वाचते. आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, एका प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या. माझ्या बाबतीत तो शिक्का पुढे कामाला आला. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागलेली होती आणि २० नोव्हेंबरला मतदान, त्यामुळे बराचसा स्टाफ इलेक्शन ड्यूटीवर जाणार असं काउंटरवरच्या बाईंनी समजावून सांगितलं, "मतदान झाल्यावरच तारीख मिळेल, तोपर्यंत तुमचं काम उरकून घ्या." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, महिनाभर मिळाला.

शनिवारी १९ तारखेला मी बाजार फिरून आले होते. आधी रे रोड स्टेशनला उतरून दारूखान्यात. तिथे जहाजांचा सुटा माल मिळतो, दोरखंड, लाइफबॉय, साखळ्या, पंप, बघत राहावं असा बाजार आहे. एका दुकानात जुना पंप १,२०० ला दाखवला, दिसायला भक्कम, पण उलटा करून बघितला तर २४ व्होल्टचा. मोठ्या बोटींचा माल बऱ्याचदा २४ व्होल्टचा असतो, आपली बोट १२ ची. व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे काढू नका. आणि पाण्याखाली चालणारी वस्तू वापरलेली घ्यायची नाही असं मी ठरवलं, कारण आतल्या सीलची अवस्था बाहेरून कळत नाही.

कुठला पंप घ्यायचा यावर एकूण माझे आठ दिवस गेले. रूल, जॉन्सन, सीफ्लो अशी नावं समोर येतात, आणि प्रत्येकावर ५००, ८००, ११०० असे आकडे. हे आकडे तासाला किती गॅलन ते सांगतात, आणि गॅलन अमेरिकन, म्हणजे ३.७८५ लिटरचा. आमचा जुना ५०० चा होता, कागदावर मिनिटाला साधारण ३१ लिटर. ११०० चा म्हणजे मिनिटाला ६९. पण हे आकडे पंप सपाटीवर ठेवून, पाइप वर न चढवता, चांगल्या व्होल्टेजवर मोजलेले असतात. प्रत्यक्षात पाणी दोन-तीन फूट वर चढवायचं, पाइपला वळणं, बॅटरी इंजिन बंद असताना १२.४ वर, हे सगळं धरलं की आकडा बराच उतरतो.

याच काळात मी अजून एक गणित केलं ज्यामुळे माझी पंपाकडे बघायची नजर बदलली. पाण्याच्या एक फूट खाली एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत येतं. म्हणजे छोट्या बोटीचा चांगला पंप सुद्धा एका इंचाच्या भोकाशी जेमतेम बरोबरी करतो. तेव्हा पंप हा बुडती बोट वाचवायला नाही, तो पावसासाठी आणि थेंब थेंब गळतीसाठी, आणि जास्त काही झालं तर आपल्याला थोडा वेळ मिळवून देण्यासाठी. हे कळल्यावर मी २,००० गॅलनवाल्याचा नाद सोडला, ११०० चा ठरवला आणि उरलेलं लक्ष गळती शोधण्यावर आणि वायरिंगवर घातलं.

दुसरा प्रश्न, फ्लोट पंपाच्या आतच असलेला ऑटोमॅटिक पंप घ्यायचा की फ्लोट वेगळा. बाबा म्हणाले, "वेगळा घे गं, एक बिघडलं तर एकच बदलायचं." ते मला पटलं. पंप २२ तारखेला ऑनलाइन मागवला, जीएसटी बिलासकट, ५,४०० रुपये. दिवाळीच्या गर्दीत तो ४ नोव्हेंबरला आला. फ्लोट स्विच २,१५० चा.

बाकीचं सामान मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीत. इथे एक दिवस पूर्ण ठेवा आणि यादीत प्रत्येक गोष्टीचं माप लिहून न्या. जुना पाइप पाऊण इंची होता आणि आतून वळ्यावळ्यांचा, नव्या पंपाचं तोंड सव्वा इंचाच्या जरासं खाली. जुनाच पाइप रिड्यूसर लावून वापरता येईल असं मला एकाने सांगितलं, पण पाऊण इंची पाइपाचं तोंड नव्याच्या निम्म्याहून कमी, मोठा पंप घेऊन उपयोग काय. शिवाय आतल्या वळ्या पाणी अडवतात. आतून गुळगुळीत असलेला जाड पाइप ३ मीटर घेतला, २४० रुपये मीटर. स्टेनलेसच्या क्लिप घेताना लोहचुंबक जवळ ठेवा. पट्टी स्टेनलेसची असते आणि स्क्रू साधा लोखंडी, तो स्क्रू एका सीझनमध्ये गंजून तुटतो. मी चार दुकानांत चुंबक लावून बघितला, एका म्हाताऱ्या दुकानदारांनी कौतुकाने विचारलं, "पोरी, कुणी शिकवलं?" मी म्हटलं बाबांनी. ६ क्लिप, ७० ला एक.

एका दुकानात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा म्हणजे पाइपातलं पाणी परत येणार नाही असा फार आग्रह झाला. मी घेतला नाही. हे पंप जोराने दाब देणारे नसतात, मध्ये व्हॉल्व्ह बसवला की प्रवाह कमी होतो, त्यात कचरा अडकतो, आणि हवा कोंडून पंप नुसता फिरत बसतो. त्यापेक्षा पाइपातलं लिटर-दीड लिटर पाणी परत आलेलं परवडलं.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. घरातली साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी आणि मग काळी होते. आमच्या बोटीतली मी सोलून बघितली, चार इंच आतपर्यंत काळी होती. ७ मीटर घेतली, दोन तारांची, २.५ स्क्वेअर एमएम. एवढी जाड कशाला, तर बॅटरीपासून पंप आणि परत अशी तार दुप्पट लांब होते, आणि १२ व्होल्टमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेत गेला तरी पंप मंद होतो.

पाणी खारं आहे की गोडं, ती गोष्ट इथे परत आली. २६ ऑक्टोबरला मी रेवदंड्याला जाऊन बोट आतून पूर्ण कोरडी केली, शेवटी स्पंजने आणि जुन्या चादरीने, मग तळाशी सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली आणि दोन तास काठावर बसले. ताडपत्री होती, पाऊस नव्हता, तरी मागच्या ड्रेन प्लगपासून एक बारीक ओली रेघ पावडरीतून पुढे आली. चव खारट. प्लगचा रबरी वॉशर कडक होऊन चिरलेला होता. ३० रुपयांचा वॉशर. पावडरचा हा प्रयोग कुणालाही जमेल आणि पंप विकत घेण्याच्या आधी करा, माझा नंतर झाला.

बोट वाळूवर कधी घ्यायची हे भरतीवर ठरतं. आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री येते, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी तितकं चढत नाही. दुपारच्या भरतीला बोट वर ओढून ठेवली की पाणी उतरल्यावर संध्याकाळपर्यंत कोरडं काम करता येतं. दिवाळीच्या अमावस्येला माणसं मिळणार नव्हती, भाऊबीज पण होती, म्हणून त्रिपुरी पौर्णिमेचं उधाण धरलं, शनिवार १६ नोव्हेंबर. नाखव्यांनी एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं, थंडीच्या दिवसांत रात्रीची भरती दिवसाच्यापेक्षा मोठी असते, म्हणून "ताई, दुपारी बसवलेली बोट रात्री तरंगणार, दोन्हीकडनं दोर बांधूनच ठेवायची." तसंच केलं.

कामाला बसलो तेव्हा दुपारचे अडीच. पहिलं काम बाहेरच्या भोकाचं. जुनं भोक पाण्याच्या पातळीपासून जेमतेम तीन इंच वर होतं. चार माणसं मागे बसली की ते पाण्याखाली जायचं आणि खाडीचं पाणी त्याच पाइपातून उलटं आत यायचं. पंप बाहेर टाकणार आणि तेच पाणी परत येणार. नवं भोक काठाच्या जरा खाली, पाण्यापासून सव्वा फूट वर घेतलं. बोटीला ड्रिल लावताना माझा हात पुढे होईना. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, ते म्हणाले, "आतून बघून घे मागे काही नाही ना, तीनदा मोज आणि मग लाव." मास्किंग टेप चिकटवली, होल सॉ आधी उलटा फिरवून वरचा चकचकीत थर कापला म्हणजे कडा फुटत नाहीत, मग सुलटा. भोक आरपार गेलं आणि त्यातून कोर्लईच्या बाजूचा उजेड आत आला तेव्हा मी श्वास सोडला. फायबरच्या धुळीसाठी मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी शर्टचं विसरले आणि दोन दिवस हात खाजत होते. नायलॉनचं फिटिंग पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवलं, सिलिकॉन नको, ते फायबरला नीट धरत नाही. जुनं भोक इपॉक्सीने बुजवलं.

पंपाची जाळी तळाला स्क्रूने घट्ट करायची असते, पण बोटीच्या तळालाच स्क्रू मारायचे नाहीत, प्रत्येक स्क्रू म्हणजे भविष्यातली एक गळती. मरीन प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा चारही बाजूंनी इपॉक्सीत बुडवून मी आदल्या आठवड्यातच घरी वाळवून आणला होता, तो तळाला इपॉक्सीने चिकटवला आणि रात्रभर सोडला. म्हणून हे काम दोन दिवसांचं आहे. रात्री साडेबाराच्या भरतीला बोट उचलली गेली, दोर ताणले, नाखव्यांचा मुलगा आणि मी जागेच होतो, चांदणं इतकं होतं की टॉर्च लागला नाही.

रविवारी १७ तारखेला पाणी उतरल्यावर वायरिंग. फ्लोट स्विचची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतली, कारण आपण जाताना मेन स्विच बंद करतो आणि पंपाला नेमकं आपण नसतानाच चालायचं असतं. त्या वायरला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, एक वीतभराच्या आत. कागदावर लिहिल्याप्रमाणे ५ अँपिअरचा, आणि तसाच एक जादा टेपने शेजारी चिकटवून ठेवला म्हणजे घाईत कोणी मोठा घालणार नाही. स्टिअरिंगजवळ तीन बाजूंचा स्विच, ऑटो, बंद, हाताने. सगळे जोड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक कनेक्टरने दाबून. इन्सुलेशन टेपचा जोड बिल्जमध्ये टिकत नाही. पाइप पंपापासून फिटिंगपर्यंत सतत चढता ठेवला, मध्ये झोळ पडू दिला नाही, झोळात पाणी साठून हवा अडकते. फ्लोट पंपाखालच्याच प्लायवूडच्या तुकड्यावर बसवला तेव्हा एक गडबड झाली, पंप बंद झाला की पाइपातलं दीडेक लिटर पाणी परत आलं, फ्लोट उचलला, पंप परत चालू, असं चक्र सुरू झालं. फ्लोटच्या खाली दोन सेंटिमीटरची अजून एक चकती टाकल्यावर थांबलं.

मग मोजलं. बादल्यांनी पाणी ओतून बाहेरच्या तोंडाखाली २० लिटरची बादली धरली, २६ सेकंदांत भरली, तीनदा केलं तेव्हा २५ ते २७ च्या मध्ये. म्हणजे मिनिटाला ४६ लिटर, कागदावरच्या ६९ च्या दोन तृतीयांश. करंट ३.६ अँपिअर. १,००० लिटर पाऊस उपसायला साधारण बावीस मिनिटं, बॅटरी ६० अँपिअर-अवरची, त्यातली निम्मी धरली तरी आठ तास पंप चालतो. हे आकडे मी बोटीच्या वहीत बाबांच्या अक्षराखाली लिहून ठेवले, पुढच्या वर्षी २६ च्या जागी ४० सेकंद लागले तर काहीतरी बिघडतंय हे कळेल.

मतदान आणि निकाल झाल्यावर मी आवक नंबर घेऊन परत ऑफिसला गेले, २८ नोव्हेंबर, गुरुवार ही तारीख मिळाली. सर्व्हेअर साहेब अकराला आले. त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, स्वतः दोन बादल्या पाणी मागे ओतलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. ते काही सेकंद फार मोठे वाटले. मग पंप सुरू झाला, बाहेर धार पडली. फ्यूज उघडून बघितला, जोड कुठे आहेत विचारलं, पाणी उपसायची बादली दोरीला बांधलेली आहे का बघितलं, लाइफ जॅकेट मोजली. पंपाचं बिल मागितलं, त्याची प्रत जोडली. आधीचा तो शेरा काढून टाकला गेला. सर्टिफिकेट ९ डिसेंबरला हातात आलं, मध्ये एक फेरी फुकट गेली कारण फीची मूळ पावती मी घरी ठेवून गेले होते.

खर्च विचारतात म्हणून सांगते, सामान १२,८५० (पंप, फ्लोट, वायर, पाइप, क्लिपा, फिटिंग ४८०, स्विच १,१००, फ्यूज होल्डर २६०, कनेक्टर ३५०, सीलंट ७८०), बोट ओढायला माणसं १,५००, बॅटरी चार्जिंग १५०, एकूण १४,५००, त्यावर वॉशर, मुद्रांक, नोटरी. इपॉक्सी आणि प्लायवूड बाबांच्या कपाटातलं होतं. सर्व्हेची आणि जाण्यायेण्याची किंमत यात नाही. एका ठिकाणी बसवण्यासकट २८,००० सांगितले होते. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर माणूस लावावा, फक्त फ्यूज किती अँपिअरचा घातला आणि फ्लोट थेट बॅटरीवर आहे का, हे दोन स्वतः बघून घ्या.

जुना पंप अजून पिशवीतच होता. सर्टिफिकेट आणलं त्या संध्याकाळी बाबांनी तो मागितला. जेवणाच्या टेबलवर पेपर पसरून, चष्मा लावून, हळूहळू जाळी काढली. आतल्या पंख्याच्या दांड्याला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला, इतका घट्ट की उष्णतेने वितळून प्लॅस्टिकशी एकजीव झालेला. निळसर रंगाचा, जो आम्ही गळाला वापरतो तोच. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गळ गुंतला म्हणून मी बोटीतच बसून कात्रीने तुकडे केले होते, बाकीचे गोळा केले, एखाद-दोन फळ्यांच्या फटीतून खाली गेले असणार. बाबांनी चिमट्याने तो तंगूस उलगडायचा प्रयत्न केला, मग मोजपट्टी लावली, दीड फुटाच्या आसपास भरला. काही बोलले नाहीत, वही मागून घेतली आणि माझ्या आकड्यांच्या खाली लिहिलं, "तंगूस. महिन्यातून एकदा जाळी काढून बघणे." आता स्टिअरिंगच्या खाली झाकणाची एक बरणी बांधलेली आहे, कापलेला प्रत्येक तुकडा तिच्यात जातो, आणि जाळी मी दर महिन्याला काढते.